10 बाय 11 च्या बेडरूममध्ये रॅक आणि ट्रेनर: पुण्यातल्या एका होम जिमचं प्रकरण

पार्श्वभूमी

समीर आणि मेघना हे पुण्यातलं चाळिशीतलं जोडपं. नावं बदललीयेत आणि सोसायटी ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा टू बीएचके, घरात समीरच्या आई आणि सातवीतला मुलगा. समीर आयटीत, मेघना बँकेत.

समीर लांब पल्ल्याची सायकल चालवतो. 200 आणि 300 किमीच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड्स, त्याने वेळेत केल्या होत्या (200 ला साडेतेरा तास मिळतात, 300 ला 20) आणि एका सीझनमध्ये 200, 300, 400, 600 चारही करून सुपर रँडोनिअर व्हायचं हे त्याचं स्वप्न. 400 ला 27 तास असतात. त्यात तो 280 च्या आसपास सोडून आला. पायात दम होता, पण कंबर आणि मान इतकी धरली होती की हँडलबारवर हात टेकवेनात.

मेघनाला वेट्स मनापासून आवडतात, दोन-तीन वर्षं ती नियमित जिमला जात होती. मग शाखा बदलली, घरी यायला साडेसात-आठ व्हायला लागले, आणि वर्षाची फी भरूनही जाणं आठवड्यातून एकदावर आलं.

घरी एक प्रयत्न आधी झाला होता. 2020 च्या मार्चमध्ये जिम बंद झाल्या त्या महाराष्ट्रात थेट दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला उघडल्या, त्या काळात त्यांनी ऑनलाइन एक होम जिम कॉम्बो मागवला होता. पीव्हीसीच्या प्लेट्स, आत सिमेंट, सोबत 28 मिमीचा रॉड. काही महिन्यांत एका प्लेटची शिवण उसवली आणि उचललं की फरशीवर भुगा पडायचा, रॉडही मधे वाकला. तो सेट माळ्यावर गेला आणि घरी हे जमत नाही असं मेघनाचं मत झालं. ते मत पुढे महत्त्वाचं ठरलं, कारण यावेळी प्रत्येक वस्तू घेताना "ही टिकेल का" हा प्रश्न तीच विचारत होती.

मी हौशी सायकलिस्टना स्ट्रेंथ ट्रेनिंग शिकवतो, त्या ओळखीतून हे माझ्याकडे आलं. खर्चाची मर्यादा दीड लाख.

अडचण काय होती

समीरचा पहिला मेसेज होता "कुठला ट्रेनर घेऊ?" आणि सोबत तीन लिंक. (ट्रेनर म्हणजे इथे माणूस नाही, आपली सायकल लावून घरातच जागेवर चालवायचं यंत्र.) बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. पण मी घरी जाऊन बघितलं तेव्हा ट्रेनर हा सगळ्यात सोपा प्रश्न निघाला. अवघड प्रश्न खोली, स्लॅब, खालचं घर आणि घाम हे होते.

घरात समीरला सकाळी साडेपाच ते सातच वेळ, मेघनाला रात्री साडेआठनंतर. म्हणजे नेमकं जेव्हा खालचे लोक झोपलेले किंवा झोपायच्या तयारीत असतात तेव्हाच वर वजनं हलणार. खाली दुसऱ्या मजल्यावर रिटायर्ड काका-काकू, काकूंना बीपी, झोप हलकी.

दुसरं म्हणजे समीरला स्ट्रेंथ खरंच हवी होती की नुसताच ट्रेनर पुरला असता? कंबर धरते ती तासन् तास पुढे वाकून बसल्यावर पाठीचे आणि हिपचे स्नायू थकतात म्हणून, असं त्याच्या बाबतीत दिसत होतं (बाइक फिट, म्हणजे सायकल अंगाच्या मापाला जुळवणं, आधी करून घेतलेलं होतं, फिजिओकडेही जाऊन आला होता). ट्रेनरवर अजून तास वाढवून हे सुटणार नव्हतं. सायकलिंगमध्ये हाडांवर आपटण्याचा, वजन पेलण्याचा भार जवळजवळ येतच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांनी वजनं उचलणं हाडांसाठीही गरजेचं. आणि नॉर्वेचे संशोधक बेंट रॉन्नेस्टाड यांचं या विषयावर बरंच काम आहे, त्यांची पद्धत साधारण अशी: आठवड्यातून दोनदा, 12 आठवडे, जड वजन, एका सेटमध्ये 4 ते 10 रेप्स (वेळा उचलणं), आणि सीझन सुरू झाला की आठवड्यातून एकदा टिकवण्यापुरतं. म्हणजे हलक्या डंबेलने 30-30 रेप्स मारून ते काम होत नाही. जड वजन लागणार, आणि जड वजन म्हटलं की परत स्लॅब आणि काका.

कुठले पर्याय बघितले

जागेचे तीन पर्याय होते. हॉलची बंद केलेली बाल्कनी समीरला हवी होती, वारा येतो म्हणून. ती बाहेर झेपावलेली, तिथे आधीच ग्रिल, काचा, वॉशिंग मशीन, शिवाय पावसात ओल. बांधकामाच्या कोडमध्ये बाल्कनीला घरातल्या खोलीपेक्षा जास्त भार धरतात हे खरं असलं तरी त्या बाल्कनीवर मागच्या मालकाने काय काय चढवलंय हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून मी नकोच म्हटलं. दुसरा पर्याय खाली पार्किंगचा कोपरा. ती सोसायटीची कॉमन जागा, आज सेक्रेटरी हो म्हणाले तरी उद्याच्या मीटिंगमध्ये नाही होऊ शकतं, आणि उघड्यावर लोखंड गंजणार. राहिली 10 बाय 11 ची दुसरी बेडरूम, जिथे मुलाचं टेबल आणि पाहुण्यांचा दिवाण होता.

वजनांसाठी शोरूमवाल्याने 55 हजाराचं मल्टिजिम दाखवलं होतं, एकाच मशीनमध्ये सगळं. दिसायला भारी, आवाज कमी, एकट्याला सुरक्षित. पण समीरला जे मुख्य हवं होतं ते म्हणजे वाकून उचलणं आणि एका पायावर भार घेणं, ते त्यावर धड होत नाही, आणि जागा अर्धी खोली. दुसरा पर्याय नुसती डंबेल्स आणि बेंच. हा खरंतर खूप लोकांना पुरतो आणि मी अनेकांना एवढ्यावरच थांबवतो. पण मेघना तेव्हाच 50 किलोचं डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) करत होती, तिला सहा महिन्यांत डंबेल कमी पडले असते. तिसरा हाफ रॅक (बार टेकवायची उभी लोखंडी चौकट), बार, प्लेट्स.

सायकलसाठी रोलर्स (फिरत्या नळ्या, त्यांवर सायकल नुसती तोलून चालवायची), मागचं चाक टेकवायचा साधा मॅग्नेटवाला ट्रेनर, चाक काढून लावायचा डायरेक्ट ड्राइव्ह, आणि स्पिन बाइक, म्हणजे जिममधली जागेवरची सायकल. स्पिन बाइक समीरने स्वतःच बाद केली, त्याला स्वतःच्या सायकलची बसण्याची ठेवण हवी होती. चाक टेकवायच्या ट्रेनरवर टायर घासल्याचा आवाज येतो आणि टायर झिजतो. रोलर्स शिकायला छान पण त्या खोलीत रॅकच्या शेजारी तोल गेला तर पडायला जागाच नाही.

पहिला निर्णय: आधी माप, मग खरेदी

मी त्यांना सांगितलं की आठवडाभर एकही वस्तू मागवायची नाही, आधी फरशीवर मास्किंग टेपने रॅक, बार, सायकल आखा आणि त्या टेपमध्ये हालचाल करून बघा. यातूनच दोन गोष्टी कळल्या ज्या कागदावर कळल्या नसत्या.

एक, 20 किलोचा ऑलिंपिक बार 2.2 मीटर लांब असतो, म्हणजे सव्वासात फूट. 10 फुटांच्या बाजूने ठेवला तर दोन्हीकडे दीड फूटही उरत नाही, प्लेट घालताना कोपर भिंतीला लागतो. दुकानदार म्हणाला सहा फुटी घ्या. पण छोट्या बारमध्ये मधला भाग किती ठेवलाय याचा नेम नसतो, तो रॅकच्या हुकांवर बसेलच असं नाही. आम्ही काढलेला मार्ग म्हणजे 15 किलोचा महिलांचा बार. तो 2.01 मीटर असतो, पण दोन कॉलरमधलं (प्लेट्स जिथे अडतात त्या कड्यांमधलं) अंतर मोठ्या बारएवढंच, 1310 मिमी, त्यामुळे कुठल्याही स्टँडर्ड रॅकवर बसतो. मुठीची जाडी 25 मिमी, मेघनाला तर उत्तमच, आणि समीर जेवढं उचलणार होता तेवढ्याला मजबुतीही भरपूर. आणि तो 11 फुटांच्या बाजूने ठेवला, की दोन्हीकडे सव्वादोन फूट मोकळे. घरगुती जिमसाठी हा बार इतका सोयीचा असूनही पुरुष मंडळी तो बघतही नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन, सीलिंग फॅन. समीर 5 फूट 10, हात वर करून रिकामी काठी धरली आणि प्लेटची त्रिज्या, साडेबावीस सेंटीमीटर, वर धरली तर ती जवळपास आठ फुटांवर जात होती. पंख्याची पाती त्याच्या चारच बोटं वर. फॅन उतरवला, तिथे फ्लश लाइट लावला आणि भिंतीवर दोन वॉल फॅन घेतले.

स्लॅबचं म्हणाल तर आपल्याकडे राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला 200 किलो चालत्या भारासाठी (माणसं, सामान) धरतात, आयएस 875 या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात तसं आहे. खोली साधारण 10 चौरस मीटर. रॅक, 115 किलोचा बार-प्लेट्सचा संच, माणूस, सायकल, ट्रेनर सगळं मिळून त्याच्या खूप खाली राहतं. तरीही सेक्रेटरींनी विचारल्यावर समीर-मेघनाने एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन बोलावलं आणि ते योग्यच केलं. इंजिनिअरनी सांगितलेलं थोडक्यात असं की रॅक खोलीच्या मधोमध नको, बीम असलेल्या भिंतीलगत ठेवा, भार पसरवा, आणि वजन कधीही सोडून द्यायचं नाही, कारण ठेवलेलं वजन आणि आपटलेलं वजन यात स्लॅबच्या दृष्टीने फार फरक आहे. सेक्रेटरींना त्याचं पत्र दिलं, विषय मिटला.

दुसरा निर्णय: काय घेतलं

सेफ्टी आर्म (बार सुटला तर अडवणारे आडवे दांडे) असलेला हाफ रॅक 24 हजार. साधा स्क्वॉट स्टँड यापेक्षा बराच स्वस्त मिळतो पण रात्री नऊ वाजता मेघना एकटी बेंच करणार, बार छातीवर अडकला तर हाक ऐकायला कोण? इथे मी पैशाचा विचारच करू दिला नाही. बार साडेनऊ हजार. 10 किलोच्या बंपर (जाड रबराच्या) प्लेट्सची एक जोडी 5,600, बाकी 80 किलो रबर चढवलेल्या लोखंडी प्लेट्स 10,400. बंपरची एकच जोडी अशासाठी की त्यांचा व्यास 450 मिमी असतो, त्या आधी चढवल्या की बार जमिनीपासून योग्य उंचीला येतो, मग पुढच्या प्लेट्स लहान असल्या तरी चालतं. बेंच 9 हजार, षटकोनी डंबेल्स साडेसात हजार.

प्लेट्स घ्यायला मी सोबत गेलो. आपल्याकडचा बराच जिमचा माल मेरठ आणि जालंधरहून येतो, चांगला असतो, पण ओतीव प्लेटवर लिहिलेलं वजन आणि खरं वजन यात फरक निघतो. दुकानाच्या शेजारच्या भंगारवाल्याचा डिजिटल काटा मागून आणला आणि एकेक प्लेट ठेवली, 10 लिहिलेली एक 9.6 भरली, दुसरी 10.3. दुकानदार आधी वैतागला, मग स्वतःच आत जाऊन अजून प्लेट्स काढून आणायला लागला. खडूने प्रत्येकीवर खरं वजन लिहिलं आणि जवळच्या वजनाच्या जोड्या लावून घेतल्या, नाहीतर बारच्या एका बाजूला पाऊण किलो जास्त घेऊन उचलत बसायचं.

लिफ्टिंगचा प्लॅटफॉर्म सुताराकडून. प्लायची शीट 8 बाय 4 चीच येते आणि 2 मीटरच्या बारला ती बरोबर पुरते, त्यामुळे कापाकापी नाही. खाली रबर शीट, त्यावर 18 मिमी प्लायचे दोन थर, दोन्ही टोकांना प्लेट टेकते तिथे 20 मिमीच्या रबर टाइल्स. 9 हजार.

ट्रेनर डायरेक्ट ड्राइव्ह, सायकलिंगच्या ग्रुपमधून सेकंडहँड, 38 हजार. वापरलेला ट्रेनर घेताना तासभर चालवून बघा, बेअरिंगचा घरघर आवाज गरम झाल्यावरच कळतो. समीर त्याची कार्बनची रोड बाइक त्यावर कायमची लावणार होता, मी जुनी ॲल्युमिनियमची हायब्रिड लावायला सांगितली. घामातलं मीठ हेडसेट (हँडल फिरतं तिथली बेअरिंग), स्टेमचे बोल्ट, केबलची टोकं सगळं खातं, आणि घरात घाम वाऱ्याने उडून जात नाही, टपटप सायकलवरच पडतो. हायब्रिडला 8 स्पीडची कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्या), ट्रेनरवर ती बसते ती बॉडी 11 स्पीडची, त्यात मागे 1.85 मिमीचा स्पेसर घालावा लागतो. मेकॅनिकने तो घातला नव्हता आणि दोन दिवस कॅसेट खडखडत होती, ट्रेनरच खराब निघाला असं वाटून समीर परत करायला निघाला होता. कॅसेट आणि स्पेसर 2 हजार, पंखे 5, इलेक्ट्रिशियन आणि किरकोळ 3. एकूण 1 लाख 23 हजार. उरलेले मी खर्चू नका म्हटलं.

पंख्यांवर कंजुषी करू नका हे मी सगळ्यांनाच सांगतो. 200 वॉटने पेडल मारता तेव्हा शरीर त्याच्या चार-पाच पट ऊर्जा जाळत असतं, बाकीची 600 ते 800 वॉट उष्णताच होते, म्हणजे बंद खोलीत एक छोटा हीटर लावल्यासारखं. रस्त्यावर वारा ती घेऊन जातो. एक पंखा छातीवर, एक पाठीवर, एवढ्याने समीरची त्याच वॉटला हृदयगती स्पष्ट खाली आली.

तिसरा निर्णय: खालचे काका

सगळं बसवल्यावर चौथ्याच दिवशी काका वर आले. रागावले नव्हते, म्हणाले, "अरे, पहाटे काहीतरी गुणगुणतं आणि मधेच धप्प होतं, हिला वाटतं भूकंप झाला." समीरचं पहिलं उत्तर होतं की ट्रेनर तर सायलेंट आहे. आणि वरच्या खोलीत तो होताच सायलेंट.

इथे दोन वाटा होत्या. एक, अजून जाड मॅट आणून टाकायची आणि बघायचं. दुसरी, खाली जाऊन ऐकायचं. मी दुसरीचा आग्रह धरला. काकूंनी चहा ठेवला, मी त्यांच्या बेडरूममध्ये फोन कानाला लावून उभा, वर समीर एकेक गोष्ट करतोय. पंखे काहीच नाही. हळू पेडल काहीच नाही. 95 च्या वर कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) गेला की छतातून बारीक घुं सुरू, कानापेक्षा कपाटाच्या दाराला हात लावला की जास्त कळायचं. डेडलिफ्ट प्लॅटफॉर्मवर सावकाश ठेवलं तर जेमतेम ठक. आणि सगळ्यात मोठा धप्प कशाचा, तर मेघना सेट संपला की साडेबारा किलोची डंबेल्स प्लॅटफॉर्मच्या बाहेर नुसत्या पातळ मॅटवर टाकायची त्याचा. 115 किलोच्या बारला आम्ही घाबरत होतो आणि त्रास डंबेलचा होता.

हवेतून जाणारा आवाज आणि स्लॅबमधून जाणारं कंपन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅट पहिल्याला थोडी उपयोगी, दुसऱ्याला पातळ मॅट काहीच करत नाही. तिथे वर जड आणि खाली मऊ अशी रचना लागते. ट्रेनरखाली प्लायचे दोन तुकडे घेतले, मधे गोल भोकं पाडून टेनिस बॉल बसवले, सायकल त्यावर तरंगल्यासारखी राहते, थोडी डोलते आणि बसायलाही जास्त सुखाची वाटते. डंबेल्सना प्लॅटफॉर्मवरच जागा केली, बाहेर ठेवायचीच नाहीत. परत खाली जाऊन ऐकलं, घुं जवळपास गेली.

आणि वेळेचं ठरलं. सकाळी साडेसहाच्या आधी फक्त सायकल, वजनं नाहीत. दुपारी 2 ते 4 काहीच नाही, ती झोपेची वेळ. रात्री साडेनऊला बंद. हे समीरने लिहून काकांना व्हॉट्सॲप केलं आणि म्हणाला, "काका, यापेक्षा वेगळं काही ऐकू आलं तर लगेच फोन करा."

पुढे काय झालं

पावसाळा पूर्ण मिळाला. समीर आठवड्यातून तीनदा ट्रेनरवर, दोनदा वजनं: स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट, एका पायावरचं स्प्लिट स्क्वॉट, रोइंग, दोन्ही हातांत डंबेल घेऊन चालणं. गुरुवारी महावितरणची देखभाल निघाली की वीज जाते आणि ट्रेनरचा रेझिस्टन्सही जातो, म्हणून गुरुवार वजनांचा. ट्रेनरवरचे कठीण इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग हळू) आणि पायांची जड वजनं एकापाठोपाठ एक नको, मधे निदान सहा तास किंवा दुसरा दिवस, हे त्याने पाळलं.

थंडीत त्याने 400 पूर्ण केली, 25 तासांच्या थोडं वर. कंबर शेवटच्या 50 मध्ये बोलली पण थांबावं लागलं नाही. 600 मात्र झाली नाही, रात्री पोट बिघडलं आणि 430 ला सोडली. ते जिमने सुटणारं नाहीच, खाण्याचं गणित वेगळं बसवावं लागेल.

मेघनाचं डेडलिफ्ट 50 वरून 75 वर गेलं. पण सहा महिन्यांनी तिने शनिवारी जुन्या जिमला परत जायला सुरुवात केली, मैत्रिणी तिथे आहेत म्हणून. समीरला वाटलं मग एवढा खर्च कशाला, मला तसं अजिबात वाटत नाही. आठवड्यातले तीन दिवस तिचे घरी पक्के झाले, शनिवार हा तिचा आनंद आहे.

सगळ्यात चांगलं काय झालं ते कोणी ठरवलंच नव्हतं. समीरच्या आई, 68 वर्षांच्या, हाडांची घनता कमी झालेली, रोज दारात उभ्या राहून बघायच्या. एकदा मेघनाने विचारलं, "आई, येताय का?" डॉक्टरांना विचारून बेंचवर बसणं-उठणं सुरू केलं, आधी रॅकचा खांब धरून, मग हात न लावता, आता अडीच किलोची प्लेट छातीशी धरून. सणाला पाटावर जेवायला बसून त्या स्वतःच्या स्वतः उठल्या, तेव्हा मेघनाच्या नणंदेने फोन करून मला सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

खाली जाऊन ऐकण्याचं काम खरेदीनंतर झालं, ते आधी व्हायला हवं होतं. कोणाचाही ट्रेनर एका दिवसासाठी मागून आणून ही चाचणी करता येते, आणि काकांना तक्रार करायला वर यावं लागण्याऐवजी आपण आधी त्यांच्याकडे गेलो असतो.

मुलाचं टेबल हॉलमध्ये गेलं, आणि टीव्हीसमोर बसून सातवीचा अभ्यास होत नाही. यावर आजही नीट उत्तर सापडलेलं नाही. भिंतीला दुमडणारा रॅक घेतला असता तर संध्याकाळी खोली त्याला मिळाली असती. तो आठ-दहा हजाराने महाग पडत होता आणि भिंत नेमकी विटांची पोकळ निघेल अशी शंका होती, म्हणून सोडला. ती भिंत तेव्हा ड्रिल मारून तपासायलाच हवी होती, इंजिनिअर घरात असताना दहा मिनिटांचं काम होतं. येत्या सुट्टीत ते तपासणार आहेत, भिंत पक्की निघाली तर हाफ रॅक विकून दुमडणारा घ्यायचा असं ठरलंय, सेकंडहँड लोखंडाला गिऱ्हाईक पटकन मिळतं.